घडवणाऱ्याच्या घरचा नारळ

खांबवडीच्या यात्रेत पहिला नारळ गुंडू खांबकर फोडतो, हे कळल्याशिवाय एकही पाव्हणा त्या गावातून परत जात नाही. चहा उकळायच्या आत गुंडू ते त्याला सांगतोच. पाव्हणा घाईत असला तर जरा लांबवून सांगतो.

पन्हाळ्याच्या पलीकडच्या या गावामागे डोंगर आहे आणि डोंगरात एक कडा. त्या कड्यात चाळीसेक काळे दगडी खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. उंची दोन पुरुष, कुणी सहा बाजूंचा तर कुणी पाच, आणि बाजू अशा सरळ की गवंड्याने ओळंबा लावून बघावा. पायथ्याला शेंदूर फासलेली खांबाई बसली आहे. गावात हकिकत सांगतात ती अशी, की गुंडूच्या खापरपणजोबाने, म्हणजे रावजीने, देवीला मंडप बांधायचा नवस बोलला, बारा वर्षं एकट्याने खपून हे खांब घडवले, आणि छत घालायच्या आधीच तो गेला. मंडप राहिला तो राहिलाच, पण रावजीचे कष्ट गाव विसरले नाही. चैत्रातल्या यात्रेला गुरव देवीपुढे उभा राहून खड्या आवाजात पुकारतो, "घडवणाऱ्याच्या घरचा पहिला नारळ." मग गुंडू नवा फेटा बांधून, रावजीची छिन्नी कमरेला खोचून पुढे होतो. छिन्नी तांबड्या फडक्यात गुंडाळलेली असते. दर दसऱ्याला शेंदूर लावून लावून ती मूळची केवढी होती हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा नारळ हंबीररावांचा. दहा वर्षं सरपंच होते, गावातला निम्मा ऊस त्यांचा, देवीची जागाही त्यांच्याच आजोबांनी दिलेली, आणि तरी नारळ दुसरा. तीस वर्षं हे त्यांच्या घशात अडकून बसले होते. दर चैत्रात बैठक बसायची, हंबीरराव जागेचा कागद काढायचे, गुंडू नुसता कड्याकडे बोट दाखवायचा, आणि बैठक उठायची. गंमत अशी, की एरवी हाच गुंडू हंबीररावांच्या गुऱ्हाळावर कामाला असायचा. गुंडू गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत किती आटवायचा, कोणत्या क्षणी उतरवायचा आणि कसा निवू द्यायचा, हे त्या पट्ट्यात त्याच्याइतके कुणाला कळत नव्हते. हंबीररावांच्या गुळाचे कोल्हापूरच्या बाजारात नाव होते ते गुंडूच्या हातामुळे, आणि हे दोघांनाही माहीत होते. पण गुळासाठी पगार मिळतो, मान मिळत नाही. गुंडूला मान मिळायचा तो रावजीच्या जिवावर, म्हणून तो स्वतःला गुळव्या म्हणायचाच नाही. विचारले तर सांगायचा, "आमचं घराणं दगडातलं. गूळ आपला पोटापाण्यापुरता."

म्हणूनच बारावी झालेल्या संयोगिताला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीला, त्याने कोल्हापूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला घातले. तिला खरे तर फार्मसी करायची होती. गुंडू म्हणाला, "रावजीच्या घरची पोर दगडाचंच शिकणार." संयोगिता चार दिवस रुसली, गेली, आणि मग तिला ते शास्त्र मनापासून आवडायला लागले. आता ती शेवटच्या वर्षाला होती.

या वर्षी गावाने कड्याला पर्यटनस्थळाचा दर्जा मागायचे ठरवले. अर्जात एक रकाना होता, की हे बांधकाम कुणी व कधी केले, सोबत तज्ज्ञाचे पत्र जोडावे. ग्रामसभेत गुंडू उभा राहिला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "तज्ज्ञ आमच्या घरचा हाय. पोरीचं सर येतील यात्रेला. समद्या गावाम्होरं वाचून दावतील." एवढ्यावर थांबला असता तर तो गुंडू कसला. त्याने कोल्हापुरातून पाटीही रंगवून आणली. 'येथील खांब कै. रावजी खांबकर यांनी घडविले', अक्षरे सोनेरी, खाली वारसदार म्हणून स्वतःचे नाव, रावजीच्या नावापेक्षा किंचित मोठे.

यात्रा रविवारी होती. गुरुवारी दुपारी संयोगिता एसटीतून उतरली ती घरी न जाता पाठीवरच्या बॅगेसकट थेट गुऱ्हाळावर आली.

काहील रटरटत होती. गुंडू घामाने निथळत काठाशी उभा होता आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने फेस मागे सारत होता. लेकीला बघून त्याचा चेहरा खुलला.

"आलीस व्हय. सर कितीला येणार?"

"आण्णा, सर यायला न्हाई पायजेत."

"का? आजारी हायत?"

"न्हाई. आलं तर खरं सांगतील."

गुंडूने झाऱ्यावर थोडा पाक घेतला आणि शेजारच्या गार पाण्याच्या डब्यात सोडला. क्षणात त्याची गोळी झाली. ती बोटांनी उचलून त्याने काहिलीच्या काठावर मारली. टण् असा आवाज आला, म्हणजे पाक झाला. आता जगबुडी आली तरी काहील उतरवायलाच हवी होती, त्यामुळे पुढचे सगळे बोलणे काम करता करता झाले. तेच बरे झाले, कारण रिकाम्या हाताने गुंडूने ते ऐकून घेतले नसते.

"काय खरं?" त्याने चार गड्यांना खूण करत विचारले.

"खांब कुणी घडवलं न्हाईत. ते आपोआप झाल्यात."

गडी काहील उचलून वाफ्याशी नेत होते. वाफा म्हणजे पाक निवायला ओततात तो पसरट हौद. पाक लालसर सोनेरी धारेने त्यात पडला आणि संथपणे कडेपर्यंत पसरला. संयोगिता त्याकडे बघत म्हणाली, "ह्ये बगा, आगदी आसंच. जमिनीच्या पोटात लई खोल दगड वितळलेला आसतो. आत आसंतोवर त्याला मॅग्मा म्हणायचं, भेगंतनं भाईर आला की लाव्हा. आपल्या हितं जमीन उलली आन लाव्हा आसाच पसरत गेला. एक थर निवायचा, त्याच्यावर दुसरा यायचा. आपला समदा डोंगर तसाच झालाय. साडेसहा कोटी वर्षं झाली."

"आन मग निवला."

"निवला."

गुंडूने लाकडी हातणीने पाक हलवायला सुरुवात केली. मग त्याने जे विचारले त्याची संयोगिताने अपेक्षा केली नव्हती.

"हलवला हुता का तसाच सोडला?"

"तसाच."

"मग वरनं आन बुडातनं पयला निवला आसंल. तिथं दाणा बारीक. पोटात ऊब धरून ऱ्हातंय, तिथं दाणा जाड."

संयोगिता बघतच राहिली. हे शिकायला तिला एक अख्खे सत्र लागले होते, शिवाय सूक्ष्मदर्शक. "ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? काकवीचं मडकं म्हयनाभर तसंच ठेवलं की बुडाला खड्यावाणी साखर धरती. तीच घाईनं निववली की पिठी. आन ही गोळी," त्याने मघाची ती चकचकीत गोळी उचलून दाखवली, "गार पाण्यात टाकली की दाणा धरायला तिला सवडच न्हाई. काचच हुती."

"व्हय आण्णा, दगडाचंबी तसंच. लाव्हा पाण्यात पडला की काच हुती. उघड्यावर बिगीनं निवला की आपला काळा दगड, दाणा डोळ्याला दिसत न्हाई. आन वर न येता पोटातच ऱ्हायला, लाखो वर्षं निवत बसला, तर ग्रॅनाइट. बँकेच्या पायऱ्यास्नी बसवलाय बगा ठिपक्याठिपक्याचा, त्यो."

"आसं हाय व्हय," गुंडू म्हणाला. त्याला मजा वाटू लागली होती. जमिनीच्या पोटात एवढी मोठी काहील असते आणि तिलाही आपलाच कायदा लागू आहे, हे ऐकून कुठल्याही गुळव्याला बरेच वाटेल. तो खुशीत हातणी फिरवत राहिला, आणि मग एकाएकी त्याचा हात थांबला.

"म्हंजे रावजीनं..."

संयोगिता खाली बघत होती.

"एकबी न्हाई?"

"न्हाई आण्णा."

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"पयल्या सहामाहीपासनं."

म्हणजे अडीच वर्षं. अडीच वर्षांत दोन यात्रा झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा ही पोर पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. गुंडूने हातणी गड्याच्या हातात दिली, गळ्यातल्या पंचाने तोंड पुसले आणि तो घराकडे चालू लागला. बावीस वर्षांत वाफ्यातला गूळ अर्ध्यावर सोडून तो पहिल्यांदाच गेला.

घरी तानाबाई कुरडयांच्या तयारीत होती. नवऱ्याने दारातच बसकण मारलेली पाहून ती बाहेर आली, लेकही मागोमाग पोचली, आणि तानाबाईने सगळे उभ्या उभ्या ऐकून घेतले. तिला फारसा धक्का बसलेला दिसला नाही.

"मला लगीन झाल्यापासनं वाटतंय," ती म्हणाली. "एकट्या मानसानं चाळीस खांब घडवलं, आन सोताच्या घराला एक पायरी घडवली न्हाई? पाऊस पडला की अजून दारात पाय घसरतोय."

"मग बोलली का न्हाईस इतकी वरसं?"

"नवी नवरी काय बोलनार? आन नंतर सवय झाली."

गुंडू त्या रात्री जेवला नाही. त्याला राग कुणाचा आला होता हे त्याचे त्यालाच समजेना. लेकीचा म्हणावा तर तिला दगडाच्या शास्त्राला त्यानेच घातले होते. सरांना आमंत्रण त्यानेच धाडले होते. पाटीही त्यानेच रंगवली होती. दुसऱ्या कुणी त्याचा काटा काढायचा ठरवला असता, तरी इतके पद्धतशीर काम जमले नसते. आता रविवारी सर गावापुढे बोलणार, हंबीरराव मिशीतल्या मिशीत हसणार, आणि खांबकरांचा नारळ कायमचा जाणार. फेटा नाही, पुकारा नाही. उरणार काय, तर हंबीररावांचा गुळव्या. सरांचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. एक फोन करून यात्रा पुढे ढकलली म्हणून सांगितले, की काम झाले असते. पोर तर तोंड उघडणार नाही, अडीच वर्षं उघडले नव्हते.

शुक्रवारी उजाडता उजाडता तो देव्हाऱ्यातली छिन्नी घेऊन कड्यावर गेला. रावजी खरा असला, तर चाळीस खांबांवर टाकीचा एक तरी घाव असणारच. एवढ्या पिढ्या नारळ फोडला, पण घाव शोधायला कधी कुणी गेले नव्हते. गुंडूने एकेक खांब हाताने चाचपला. पायथ्यापासून डोक्याइतका उंच, मग कपारीत पाय रोवून वर. घाव नाही. उलट कड्याच्या माथ्याशी दगड सच्छिद्र झालेला दिसला, बुडबुडे वर येऊन फुटता फुटता राहिल्यासारखा. असा फेस त्याने काहिलीत रोज पाहिला होता. खाली दगड घट्ट, काळाभोर, दाणा डोळ्यांना न दिसणारा. गुंडूला ते सगळे आता वाचता येत होते, आणि हेच त्याला सहन होईना.

शेवटचा उपाय म्हणून त्याने फडके सोडले आणि छिन्नी खांबावर टेकवून वर धोंडा हाणला. दगडाला काही झाले नाही. पण छिन्नीवरचा शेंदूर खपल्या खपल्यांनी उडाला आणि आतले लोखंड उघडे पडले. गुंडूने ते नखांनी साफ केले, उजेडाकडे धरले आणि खालीच बसला.

ती छिन्नी नव्हती. छिन्नीचे तोंड अरुंद आणि जाड असते. हिचे तोंड चार बोटे रुंद, पातळ, आणि कडेला बाक दिलेला. तसला बाक गोल भांड्याच्या बुडाला लागतो. अशीच एक गुऱ्हाळावर खिळ्याला टांगलेली होती आणि तो ती रोज संध्याकाळी वापरायचा. काहिलीच्या बुडाला करपलेला पाक खरवडायची ती खरवडणी होती.

रावजी गुळव्या होता.

गुंडू बराच वेळ ते लोखंड मांडीवर घेऊन बसला. मंडप, नवस, बारा वर्षं, सगळे कुणीतरी कधीतरी जोडलेले. खरा रावजी असाच घामाने निथळत काठाशी उभा राहत असणार, गोळी मारून टण् ऐकत असणार, आणि काम झाल्यावर ही खरवडणी पुसून ठेवत असणार. कधी नव्हे तो गुंडूला हा म्हातारा ओळखीचा वाटला. त्याला रडू आले आणि ते त्याने येऊ दिले, कारण कड्यावर शेळ्यांखेरीज कुणी नव्हते. मग त्याने फोन काढला.

"सर, मी संयोगिताचा वडील. रविवारी तुमी बोलू नका. न्हाई, न्हाई, या की. जेवायला या, तांबडा-पांढरा हाय. फकस्त सांगायचं ते मी सांगतो. गाव माझं हाय."

घरी आला तेव्हा मायलेकी एका पातेल्यावर वाकून बसल्या होत्या. झाले असे होते, की पंधरा दिवसांपूर्वी तानाबाईने गव्हाचा चीक काढला, तो तळाला बसू दिला, वरचे पाणी ओतले, आणि तेवढ्यात भावाचा फोन आला म्हणून माहेरी गेली. एक पातेले माडीवर विसरले ते विसरलेच. आज सापडले, तर चीक वाळून खडखडीत झालेला. फेकायला म्हणून तिने ते उपडे केले आणि संयोगिता ओरडली.

पांढऱ्या वडीला वरून जाळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगा सरळ तळापर्यंत गेल्या होत्या. बोटाने ढकलले तर एकेक तुकडा सुटा होत होता. पाच बाजूंचे, सहा बाजूंचे, बोटभर उंचीचे खांब.

"आण्णा, कडाच की ह्यो," संयोगिता म्हणाली. मग कालचे आठवून पातेले मागे सारू लागली.

गुंडूने एक पांढरा खांब उचलून बाजू मोजल्या. "वाळताना आकसला."

"व्हय. आन लाव्हा निवताना आकसतो. जागा पुरंना की उलतो. वरनं भेगा पडत्यात त्या निवल तशा खाली खाली जात्यात."

"ह्ये पातेलं रविवारपतोर कुणी हलवायचं न्हाई," गुंडू म्हणाला. खरवडणीबद्दल तो काही बोलला नाही. ते सांगितले असते तर गेलेला मान मागच्या दाराने परत मागितल्यासारखे झाले असते, आणि गुंडू बढाईखोर असला तरी मागणारा नव्हता.

रविवारी कड्यापुढे गाव लोटले. हलगी वाजत होती, पाळण्यांवर पोरे चढली होती, सर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, आणि सोनेरी पाटी कड्याला टेकवून ठेवली होती, फडके टाकून. हंबीरराव आपला दुसरा नारळ घेऊन दरसालप्रमाणे तोंड पाडून उभे होते. गुरवाने घसा साफ केला.

"घडवणाऱ्याच्या घरचा पहिला नारळ."

गुंडू पुढे आला. फेटा होता, कमरेला सवयीने खोचलेले लोखंड होते, आज फडक्याशिवाय. पण नारळ त्याने फोडला नाही. हात वर करून हलगी थांबवली.

"मंडळी, घडवणारा आमच्या घरचा न्हाई," तो म्हणाला. "रावजीनं ह्यातला एकबी खांब घडवलेला न्हाई. कुठल्याच मानसानं घडवलेला न्हाई."

आधी लोकांना वाटले, फेटा असूनही ऊन लागले. मग गुंडू बोलत गेला. त्याने कोटीबिटीचे आकडे एकदाच सांगितले आणि सोडून दिले. बाकी सगळे काहिलीचे सांगितले. समोर बसलेल्यांत गुऱ्हाळावर न राबलेला माणूस शोधून सापडला नसता. वाफ्यात पाक पसरतो तसा दगड पसरला म्हटल्यावर माना हलल्या. फेसाचा दगड वर, घट्ट दगड पोटात, जाऊन हात लावून बघा म्हटल्यावर दोघे-तिघे खरेच उठून गेले. शेवटी तानाबाई पातेले घेऊन पुढे आली आणि तिने ते देवीपुढच्या चौथऱ्यावर उपडे केले. बायकांच्या बाजूने एकच कलकल उठली. निम्म्या जणींनी असा वाळलेला चीक कधी ना कधी उकिरड्यावर टाकला होता आणि सासूचे बोलणे खाल्ले होते. सरांनी खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला, एवढेच त्यांचे त्या दिवशीचे काम. पाटीवरचे फडके कुणी काढलेच नाही.

गुंडूने नारळ हंबीररावांपुढे धरला. "दादा, तीस वरसं तुमी म्हणत हुता. घ्या. पयला मान तुमचा."

हंबीररावांनी आपला नारळ पोराकडे देऊन तो घेतला. गुरवाकडे पाहिले. गुरव तोंड उघडून तसाच राहिला.

"पुकारू काय, दादा? घडवणाऱ्याच्या घरचा म्हणू, का..."

हंबीरराव घुटमळले. तीस वर्षं ज्यासाठी भांडले ते हातात आले होते आणि त्याला नावच उरले नव्हते. त्यांनी पहिल्या रांगेतल्या संयोगिताला विचारले, "पोरी, तू शिकलीयास. मग घडवणारा कोन म्हणायचा?"

ती उभी राहिली. "निवणं, काका. दुसरं कुणी न्हाई. आधी वितळलेलं हुतं, नंतर निवलं. किती सवडीनं निवलं त्यावर दगड कसला हुनार ते ठरतं."

हंबीररावांनी मान डोलावली. त्यांची नजर गुंडूच्या कमरेकडे गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी हात पुढे केला. गुंडूला लोखंड काढून द्यावे लागले. हंबीररावांनी ते उलटेसुलटे केले, बाकावरून अंगठा फिरवला. त्यांचे लहानपण काहिलीच्या काठाशी गेले होते.

"ही खरवडणी हाय," ते म्हणाले.

गुंडूने मान हलवली.

"ही रावजीची?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"परवापासनं."

"आन बोलला न्हाईस." हंबीररावांनी खरवडणी वर धरली. मग गावाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मी तीस वरसं ह्याच्याशी भांडलो ते खांबांवरनं. त्यात मी जिंकलो, ह्ये समद्यांनी बगितलं, ते ध्यानात ठेवा. आता दुसरं. ह्यो कडा निवून झालाय. आपल्या गावात निववायची विद्या हाय ती ह्या एका घरात, रावजीपासनं. माझा गूळ ह्याच्या हातनं निवतो म्हणून माझं नाव हाय. ही गोष्ट मी ह्याला तोंडावर कदी बोललो न्हाई, आज बोलतो." त्यांनी नारळ आणि खरवडणी दोन्ही गुंडूच्या हातात ठेवले आणि गुरवाला म्हणाले, "पुकार. शबूद बदलून."

गुरवाने पुन्हा घसा साफ केला. नवा शब्द तोंडात बसवायला त्याला जरा वेळ लागला, पण निघाला तेव्हा पाळण्यापर्यंत ऐकू गेला.

"निववणाऱ्याच्या घरचा पहिला नारळ."

हलगी वाजायला लागली. गुंडू देवीपुढे उभा होता आणि त्याला समोरचे काही दिसत नव्हते. आयुष्यभर त्याने हा नारळ दुसऱ्याच्या नावाने फोडला होता. आज पहिल्यांदा त्याचे स्वतःचे काम पुकारले गेले होते.

"आण्णा," मागून संयोगिता हळूच म्हणाली, "फोडा की."

गुंडूने डोळे पुसले, नारळ उचलला आणि दगडावर हाणला. दगड साडेसहा कोटी वर्षांचा होता. नारळ एका फटक्यात फुटला, आणि पहिला तुकडा गुंडूने लेकीच्या हातावर ठेवला.